महाराज आणि आपला डेटा
शाहूपुरीत गुळाचा वास आला की शाहू महाराज आठवतात! १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्म, १८८४ साली दत्तक, १८९४ साली राज्यारोहण. लगेच १८९५ साली त्यांनी व्यापारासाठी ही पेठ वसवली. १८९६-९७ च्या दुष्काळात ते स्वतः दुष्काळी भागात फिरले, रयतेची गाऱ्हाणी ऐकली. पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम काढलं. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा ते अपुरंच होतं; स्वातंत्र्यानंतर पुरं झालं.

आज आपण मशीन लर्निंग लावून शेती-हवामानावरची हजारो मतं घटकेत चाळतो. पण जो शेतकरी नेटवर कधी लिहीतच नाही, तो डेटात येणार कुठून? महाराज त्याच्यापर्यंत गेले होते. आपण कधी जाणार?