कॉर्नेलिया सोराबजी आणि वकिलीची सनद

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले, की आमच्या वसई-विरारकडील कित्येक मुलेमुली नोकरीच्या शोधार्थ सकाळच्या गाडीने मुंबईस जाऊ लागतात. त्यांपैकी ज्यांनी कायद्याचा अभ्यास केलेला असतो, ती फोर्टमधील सॉलिसिटरांच्या कचेऱ्यांत उमेदवारीसाठी अर्ज करतात. कोठून उत्तर येते, कोठून येत नाही. अर्ज करणाऱ्याचे गुण पाहिले जातात, इंग्रजी पाहिले जाते, ओळखपाळखही विचारली जाते. पण तू मुलगी आहेस, तेव्हा तुझा अर्ज वाचताच येत नाही, असे आज कोणी कायद्याचा आधार घेऊन म्हणू शकत नाही. एके काळी तसे म्हणता येत होते व म्हटलेही जात होते. नाशकात जन्मलेल्या एका ख्रिस्ती मुलीने ते उत्तर एकदा नव्हे तर अनेकदा ऐकले. तिचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस ठाऊक असावे म्हणून ते येथे थोडक्यात देतो.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी कुळातील असून तरुणपणी ख्रिस्ती झाले होते. आई फ्रान्सिना ही एका इंग्रज दांपत्याच्या घरी वाढलेली होती. त्या घरच्या मालकिणीचेच नाव मुलीला ठेवण्यात आले. घरात पुष्कळ बहिणी व एकच भाऊ. नाशिक, बेळगाव व पुणे ह्या तीन ठिकाणी त्यांचे बालपण गेले. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढली होती. त्यांच्याकडे अडल्यानडल्या बाया सल्ला विचारण्यास येत.

अशीच एक श्रीमंत गुजराती विधवा एके दिवशी आली. तिच्या कारभाऱ्याने विश्वासाने तिची सही मिळविली होती आणि त्या सहीच्या बळावर सारी मालमत्ता आपल्या नावे करून घेतली होती. बाई पडद्यात राहणारी, वकील सगळे पुरुष. तेव्हा आपण कशावर सही करीत आहो हे तिला समजावून सांगणार कोण? लहानग्या कॉर्नेलियाने हे सारे पाहिले. अशा बायांना साहाय्य करावयाचे तर कायदा शिकला पाहिजे, हे आईने तिच्या मनावर ठसविले, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ज्या घरात वाडीचे कागद पेटीत पडून असतात आणि ते वाचणारे कोणी नसते, त्या घरास ही हकीकत परकी वाटणार नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या एकट्याच मुलगी होत्या. वर्गात शिरताना काही विद्यार्थी मुद्दाम त्यांच्या तोंडावर दार लावून घेत. तरीही त्यांनी बी. ए. ची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली व मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. ह्या यशाबद्दल इंग्लंडात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. पण ती पुरुषांसाठी ठेवलेली असल्याने स्त्रीला देता येत नाही, असे ठरले. गुणवत्ता मान्य, मात्र तिचे फळ नाही, हा अनुभव त्यांना येथे पहिल्यांदा आला. रुसून न बसता त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविण्याचे काम पत्करले. पुढे लेडी हॉबहाउस, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न आदी मंडळींनी आपल्या पदरचे पैसे घालून एक शिष्यवृत्ती उभी केली, आणि १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

तेथे आधी वाङ्मयाचा अभ्यास करण्याची सूचना होती. त्यांनी कायदाच घेतला. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांस पुत्रीप्रमाणे वागविले. ऑल सोल्स कॉलेजच्या ग्रंथालयात त्यापूर्वी कोणी स्त्री वाचावयास बसली नव्हती. तेथेही त्यांस मुभा मिळाली. १८९२ साली बी. सी. एल. ह्या कायद्याच्या उच्च परीक्षेची वेळ आली, तेव्हा स्त्रीची उत्तरपत्रिका तपासण्याविषयीच अडचण निघाली. विश्वविद्यालयाने खास ठराव केला, व त्या इतर विद्यार्थ्यांबरोबर परीक्षेस बसल्या. वर्ग तिसरा मिळाला. हे आम्ही लपवून ठेवीत नाही. तिसऱ्या वर्गाने आयुष्य संपत नाही, हे काही पालकांनी मुद्दाम वाचावे. परीक्षा उत्तीर्ण झाली तरी पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांस पदवी देतच नसे.

ह्यानंतरचा भाग आमच्या उमेदवारांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. नुसत्या पुस्तकी कायद्याने वकील घडत नाही हे जाणून कॉर्नेलियाबाईंनी लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्समधील ली आणि पेंबर्टन ह्या सॉलिसिटरांच्या कचेरीत काम शिकण्यास आरंभ केला. सॉलिसिटराच्या कचेरीत न्यायालयातील वक्तृत्वाला वाव नसतो. तेथे खतांचे मसुदे करावयाचे, जुन्या दस्तांवरून मालमत्तेची मालकी कोणाकडून कोणाकडे आली ह्याची साखळी जुळवावयाची, अशिलाचे म्हणणे ऐकून घेऊन ते बॅरिस्टरासाठी नीट मांडून द्यावयाचे, पत्रव्यवहार सांभाळावयाचा, अशी कामे असतात. काम कंटाळवाणे दिसते. पण त्या गुजराती विधवेचे घर बुडाले ते ह्याच कामातील एका कागदापायी. मुंबईत सॉलिसिटर होऊ इच्छिणाऱ्यास आजही आर्टिकल क्लार्क म्हणून अशी उमेदवारी करून मग कठीण परीक्षा द्यावी लागते. कॉर्नेलियाबाईंच्या उमेदवारीत आणि आजच्या उमेदवारीत भेद एवढाच, की त्यांच्या उमेदवारीच्या शेवटी परीक्षा नव्हती. इंग्लंडात स्त्रीला सॉलिसिटर होता येत नसे. पुढे १९१३ साली चार स्त्रियांनी ह्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, तेव्हाही स्त्रियांनी पूर्वी कधी हा धंदा केला नाही म्हणून आताही करता येणार नाही, असाच निकाल झाला. म्हणजे जिना चढावयाचा, पण वरचे दार बंद आहे हे ठाऊक असताना.

१८९३ साली त्या मायदेशी परतल्या. १८९६ साली पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका बाईच्या वतीने त्या न्यायालयात उभ्या राहिल्या. सनद नसली तरी न्यायालयाच्या परवानगीने आरोपीची बाजू मांडता येई, त्या वाटेने त्यांनी प्रवेश मिळविला, व ती बाई निर्दोष सुटली. गुजरातेकडील एका लहान संस्थानात तर त्यांनी एका हत्तीच्या उसाच्या शेताचा दावा चालविला. तेथील अधिपती झोपाळ्यावर बसून न्याय करीत. आपल्या कुत्र्याला ही बाई आवडली आहे, एवढ्या कारणावरून बाईंनी तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी निकाल त्यांच्या बाजूने देऊन टाकला! आपल्याला ह्याचे हसू येते. पण जिने मुद्दे तयार करण्यात रात्री घालविल्या, तिला असा जय कितपत गोड लागला असेल?

मुंबई विश्वविद्यालयाची एलएल. बी. झाली. १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा झाली. परीक्षेस बसू देण्यास हरकत नव्हती. सनद मागताच नकार आला. त्यांचा भाऊ बॅरिस्टर होऊन त्याच अलाहाबादेस वकिली करू लागला. एकाच आईबापांची मुले, एकाच घरचे शिक्षण. एकास दार उघडे, दुसरीस बंद.

येथे त्यांनी जे केले ते आम्हांस त्यांच्या साऱ्या परीक्षांहून मोठे वाटते. ज्या जागेसाठी अर्ज करावा अशी जागाच नव्हती. तेव्हा ती जागा निर्माण करा, असा अर्ज त्यांनी केला. १९०२ पासून त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसकडे लिहिण्यास आरंभ केला. मोठमोठ्या जमीनदारांच्या विधवा व अज्ञान मुले यांच्या इस्टेटी 'कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स' ह्या सरकारी खात्याच्या ताब्यात असत. त्या विधवा पडद्यात; खात्यातील अंमलदार पुरुष. पडदानशीन स्त्रीने केलेल्या दस्ताबद्दल न्यायालयांचा नियम असा, की तिला तो समजला होता व तिने तो स्वखुशीने केला, हे ज्याचा त्यात लाभ असेल त्याने सिद्ध करावे. नियम चांगला, पण दस्त होण्यापूर्वीच तिच्याजवळ बसून तो समजावून देणारे माणूस कोठून आणावयाचे? ते माणूस स्त्रीच असू शकते, हे बाईंनी सरकारला पटविले. १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सवर त्यांची नेमणूक झाली. पुढे बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढ्या प्रदेशात त्या आगगाडीने, नावेने, पालखीने हिंडल्या. विधवांचे हिशेब तपासले, मुलांच्या शाळांची व्यवस्था लाविली, सासर-माहेरची भांडणे मिटविली. सुमारे वीस वर्षांत सहाशेंहून अधिक स्त्रिया व अनाथ मुले यांस त्यांचे साहाय्य झाले असे सांगतात. १९०९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. सनद मात्र अद्याप नव्हतीच.

ती आली १९२१ साली, अलाहाबाद उच्च न्यायालयाकडून. त्या वेळी बाईंचे वय चौपन्न होते. परंतु कलकत्त्यास रेजिना गुहा यांचा अर्ज १९१६ साली फेटाळला गेला होता आणि पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज १९२१ सालीच नाकारण्यात आला. सर्व देशास लागू होणारा कायदा १९२३ साली झाला, तेव्हा कोठे हा घोळ संपला. इंग्लंडात १९१९ च्या कायद्याने दार उघडले. ऑक्सफर्डने १९२२ साली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी, बाईंना पदवी दिली. १९२३ साली लिंकन्स इनने त्यांस बॅरिस्टर केले. त्याच वर्षी तेथूनच बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा मुंबईच्या उच्च न्यायालयात काम करू लागल्या. त्या तरुण होत्या. कॉर्नेलियाबाई कलकत्त्यास गेल्या, तेव्हा साठीकडे झुकल्या होत्या, आणि तेथील पुरुष वकिलांचा पूर्वग्रह काही कायद्याबरोबर नाहीसा झाला नव्हता. न्यायालयात उभे राहून वाद करण्याची संधी थोडीच मिळे. बहुधा खोलीत बसून लेखी अभिप्राय देण्याचेच काम त्यांच्या वाट्यास येई. १९२९ साली त्यांनी तो व्यवसाय सोडला व लंडनला वास्तव्य केले.

त्यांच्या राजकीय मतांविषयी लिहिले नाही, तर हे चरित्र अपुरे राहील. इंग्रजी राज्यावर त्यांची निष्ठा होती. गांधीजींच्या चळवळीस त्यांनी विरोध केला, आणि मिस मेयो ह्या अमेरिकन बाईच्या हिंदुस्थानची निंदा करणाऱ्या पुस्तकाची बाजूही घेतली. आधी स्त्रियांचे शिक्षण व सुधारणा, मग स्वराज्य, असे त्यांचे म्हणणे असे. आमच्या मते त्या येथे चुकल्या. ज्या बाईस सरकारी नियमांनी इतकी वर्षे दारात तिष्ठत ठेविले, तिने स्वातंत्र्य मागणाऱ्यांची तळमळ ओळखू नये, ह्याचे नवल वाटते. देशाने त्यांस फार काळ विसरून टाकले, त्याचे हे एक कारण असावे. तथापि पडद्याआड बसलेल्या ज्या विधवांचे कागद त्यांनी वाचून दाखविले, त्यांना ह्या मतांशी कर्तव्य नव्हते.

६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्या निवर्तल्या. २०१२ साली लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांची पत्रे व रोजनिशा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेविलेल्या असून अभ्यासकांस त्या पाहावयास मिळतात.