सुगरणीच्या घरट्यापाशी सलीम अली

पावसाळ्यात तिलवारा घाटाकडे जाताना बाभळीच्या टोकांना सुगरणीची घरटी लटकताना दिसली, तर सलीम अलींची आठवण काढावी.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामांनी खेतवाडीत वाढवले. दहाएक वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांच्या नादी लागले ते कायमचेच.

वाट मात्र सोपी नव्हती. पदवी नसल्यामुळे प्राणी सर्वेक्षण खात्यातील जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. पुढे बर्लिनला जाऊन ते पक्षिशास्त्र शिकले. १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

बेकार सलीम अली पत्नी तेहमिनासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती. नोकरी नव्हती, पण डोळे आणि वही होती. ते रोज घरट्यांवर नजर ठेवू लागले.

आपण 'सुगरण' म्हणतो, पण विणकर असतो नर. गवताच्या पात्यांच्या चिरफळ्या विणून तो हेल्मेटच्या आकाराचे अर्धे घरटे बांधतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. घरटे नापसंत झाले तर मेहनत वाया. पसंत पडले तर मादी तिथे राहते. नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागते आणि नर दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! एकाच हंगामात एकामागून एक संसार थाटण्याची ही रीत सलीम अलींनी उलगडली. तो अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

पुढे १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक आले, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९८७ मध्ये ते गेले. पण पद गेल्यावरही काम थांबत नाही, हे त्यांनी किहीमलाच दाखवून दिले होते.

छात्रांनो, यंदाच्या पावसाळ्यात अर्धे घरटे दिसले तर हात लावू नका. लांब बसा, वही उघडा आणि मादी येते का ते पाहा.