फ्लॉरेन्स नाइटिंगेल : नर्सला विचार करायला शिकवणारी बाई

रुग्णालयात भरती असताना तुम्ही एक दृश्य नक्की पाहिले असेल. पाच-सहा नर्सिंगच्या विद्यार्थिनी एका रुग्णाच्या खाटेभोवती उभ्या असतात. त्यांच्या शिक्षिका एकेकीला विचारतात : काय दिसले, त्याचा अर्थ काय, आता काय करशील? अनेक नातेवाइकांना वाटते, आमच्या माणसावर हे काय शिकत बसलेत! पण नर्सचे खरे कौशल्य याच प्रश्नोत्तरांतून तयार होते. त्याची मुळे शोधायला गेलो की आपण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापाशी पोहोचतो. हातात दिवा घेतलेली त्यांची प्रतिमा सर्वांना माहीत आहे. शिक्षिका म्हणून केलेले त्यांचे काम मात्र फारसे कोणी सांगत नाही.

घरच्यांचा विरोध

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. त्या शहरावरूनच नाव ठेवले गेले. कुटुंब इंग्लंडमधले, श्रीमंत. वडिलांनी मुलींना घरीच इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष ओढ होती.

नर्स व्हायचे म्हटल्यावर घरात वादळ उठले. त्या काळी रुग्णालयातील परिचारिकेचे काम हलके मानले जाई. त्यासाठी शिक्षण लागत नसे आणि या बायका दारू पितात असा समज होता. अनेक वर्षे घरच्यांशी झगडल्यावर १८५१ मध्ये त्यांना जर्मनीतील कैसरवर्थ येथे सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेता आले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

स्कुटारीचा हिवाळा

ऑक्टोबर १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांसाठी त्या ३८ स्त्रियांना घेऊन तुर्कस्तानला निघाल्या. इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी बराकीचेच रुग्णालय केलेले होते. तिथे गर्दी, घाण, उवा होत्या. कपडे आणि चांगले अन्न मिळत नव्हते. नाइटिंगेलबाईंनी स्वयंपाकघर सुरू केले, कपडे धुण्याची सोय केली, सामान मिळवले.

तरीही त्या हिवाळ्यात तिथे सुमारे चार हजार सैनिक मरण पावले. त्यांतले बहुतेक जखमांनी नव्हे, तर जुलाब, आमांश, पटकी आणि तापाने गेले. मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेले स्वच्छता आयोगाचे लोक आले. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती, पिण्याच्या पाण्यातही घाण जात होती. त्यांनी गटारे साफ केली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवा खेळती केली. फेब्रुवारीत सुमारे ४२ टक्क्यांवर गेलेला मृत्युदर जूनपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर आला.

स्वतःचा अंदाज पुन्हा तपासला

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग इथून सुरू होतो. सैनिक उशिरा पोहोचतात, उपाशी आणि थकलेले असतात म्हणून दगावतात, असे त्या सुरुवातीला मानत होत्या. १८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने मृत्यूंचे आकडे तपासले. टाळता येण्याजोगे आजार आणि अस्वच्छता यांनी किती जीव घेतले, ते त्यात उघड झाले. ज्या रुग्णालयात त्या रात्रंदिवस राबल्या, ती इमारतच माणसे मारत होती.

लोक त्यांना देवदूत म्हणत होते. गप्प राहणे सोपे होते. पण त्यांनी हे आकडे रंगीत वर्तुळाकार आकृत्यांत मांडून सरकारपुढे ठेवले. पुढे भारतातील ब्रिटिश फौजांच्या आरोग्यासाठीही त्यांनी याच पद्धतीने काम केले. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. तरी १८७३ मध्ये त्यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार इथल्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ वरून १८ वर आला होता.

मनापासून सेवा पुरेशी नाही

कष्ट आणि माया असूनही रुग्ण दगावू शकतो, हे त्या पाहून आल्या होत्या. म्हणून १८५९ च्या आपल्या नर्सिंगवरील पुस्तकात त्यांनी निरीक्षणावर मोठा भर दिला. रुग्ण बरा आहे का, या प्रश्नाला बरा आहे हे उत्तर त्यांना चालत नसे. किती खाल्ले, किती वेळ झोपला, झोपेतून कशाने जागा झाला, कालच्यापेक्षा आज काय वेगळे, हे सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

लोकवर्गणीतून जमलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची नर्सिंग शाळा सुरू झाली. प्रशिक्षण एका वर्षाचे. मुली एकत्र राहत आणि वॉर्डप्रमुख सिस्टरच्या हाताखाली काम शिकत. आजही आपण नर्सला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो, तो शब्द अशाच परंपरेतून आपल्याकडे आला.

शाळाही तपासली

पहिली दहा वर्षे त्यांचे लक्ष इतर कामांत होते आणि प्रकृतीही साथ देत नव्हती. क्रिमियात झालेला ताप बहुधा ब्रुसेलोसिस असावा, असे आजचे अनेक डॉक्टर मानतात. हा आजार न उकळलेल्या दुधातूनही होतो. त्यानंतर त्या अनेक वर्षे बिछान्याला खिळून होत्या.

१८७० नंतर त्यांनी शाळेकडे बारकाईने पाहिले, तेव्हा शिकवणे ढिले पडल्याचे आढळले. मुली राबत होत्या, पण शिकत नव्हत्या. मग बदल झाले. डॉक्टरांची व्याख्याने नियमित झाली. प्रत्येकीने रुग्णांच्या नोंदी आणि रोजनिशी लिहायची असे ठरले. मुलींच्या निवासात ‘होम सिस्टर’ नेमली गेली. ती सर्वांना एकत्र बसवून वर्ग घेई, व्याख्यानातले न समजलेले समजावून देई. नाइटिंगेलबाई स्वतः त्या रोजनिशा वाचत, मुलींना घरी बोलावून प्रश्न विचारत. १८७२ पासून त्या विद्यार्थिनींना पत्रेही लिहू लागल्या.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रोगजंतूंमुळे आजार पसरतात हे मान्य करायला त्यांनी बराच वेळ घेतला. नर्सेसच्या सरकारी नोंदणीलाही त्यांचा विरोध होता. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस आज जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

गटात शिकल्याने काय होते?

समजा, शस्त्रक्रिया होऊन चार तास झालेला रुग्ण आहे. रक्तदाब ठीक आहे. एक विद्यार्थिनी म्हणते, सगळे व्यवस्थित आहे. दुसरी म्हणते, नाडी सकाळी ८४ होती, आता ११६ आहे. तिसरीच्या लक्षात येते की हात गार पडलेत आणि रुग्ण अस्वस्थ आहे. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की आतल्या आत रक्तस्राव होत असल्याची शंका येते आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलावले जाते. रक्तदाब बऱ्याचदा नंतर कोसळतो. एकटीला जे सुटले असते, ते गटाच्या लक्षात आले. पुढे एकटीने रात्रपाळी करताना ती हेच प्रश्न स्वतःला विचारते.

आधी टिपायचे, मग अर्थ लावायचा, कृती करायची आणि नंतर आपले काय चुकले ते पाहायचे, या चार पायऱ्यांना आज क्लिनिकल जजमेंट म्हणतात.

रुग्ण आणि नातेवाइकांसाठी

• विद्यार्थिनींनी तपासण्यापूर्वी तुमची परवानगी घ्यावी. त्रास होत असेल तर नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये.
• बरे वाटत नाही एवढेच सांगू नका. कधीपासून, कुठे, किती वेळ आणि कालपेक्षा काय वेगळे, ते सांगा.
• आपल्या माणसाची नेहमीची पद्धत तुम्हालाच ठाऊक असते. बाबा आज विसंगत बोलताहेत, आई नेहमीपेक्षा फार झोपतेय, असे वाटले तर लगेच सिस्टरना सांगा.
• धाप लागणे, अचानक गुंगी येणे, घाम सुटून हातपाय गार पडणे, ड्रेसिंग रक्ताने भिजणे, यांपैकी काहीही दिसले तर राउंडची वाट पाहू नका.

पुढच्या वेळी खाटेभोवती विद्यार्थिनी जमल्या आणि तुम्हाला बरे वाटत असेल, तर त्यांना थोडा वेळ द्या. त्यांतलीच एखादी उद्या रात्री तीन वाजता कुणाची तरी वाढलेली नाडी वेळेवर ओळखेल.