बाप्तिस्मा झाला, तरी प्रश्न थांबले नाहीत

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही शाळेच्या इतिहासात वाचलंय. विधवांसाठी शारदा सदन काढलं, एवढं लिहून मार्कही मिळवले असतील. पण ख्रिस्ती झाल्यावर आपल्या श्रद्धेसाठी त्या किती वर्षं झगडल्या, ते सहसा कुणी सांगत नाही.

आधी त्यांच्या वाट्याला काय आलं ते बघा. जन्म 1858 चा. 1874 च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. तुम्ही अकरावी-बारावीत असता, त्या वयात ही मुलगी भावाबरोबर देशभर पायी फिरत होती. कोलकात्यात तिची विद्वत्ता पाहून पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये पतीही गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, आणि कडेवर छोटी मनोरमा.

1883 मध्ये डॉक्टर व्हायचं ठरवून त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण जमणार नव्हतं. वॉन्टेजच्या सिस्टर्सचं सेवाकार्य पाहून त्या भारावल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता सगळं सुरळीत होईल, असं वाटतं ना? झालं उलटंच. चर्च सांगेल ते मुकाट्याने मानायला त्या तयार नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न विचारले. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असाही वाद घातला. शाकाहार सोडला नाही. सिस्टर्सना हा गर्व वाटला. पण शास्त्रीबुवांचं ऐकायचं सोडून आता पाद्रीबुवांचं ऐकायचं, यासाठी त्यांनी एवढी वाट तुडवली नव्हती.

इकडे आपले लोकही रागावलेले होते. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. रमाबाई सकाळी प्रार्थनेला बसायच्या. खोलीचं दार उघडं असायचं, वाटलं तर मुली येऊन बसायच्या. यावरून ‘केसरी’ने झोड उठवली. दार बंद करायला रमाबाईंनी नकार दिला. 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखेही बाजूला झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

म्हणजे दोन्हीकडून एकटेपण! कुणीही म्हणालं असतं, मरू दे, सोडून देऊ सगळं. त्यांनी सोडलं नाही. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त अजून गवसला नाही. जगभर नाव झालेल्या बाईने स्वतःशी हे कबूल करणं सोपं नव्हतं. तिथून पुढे त्यांचा विश्वास मतांपेक्षा भरवशावर उभा राहिला.

तो भरवसा कामात दिसला. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. स्वतः उपासमार भोगलेल्या बाईला त्या चेहऱ्यांची ओळख सांगावी लागली नसेल. केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना, सगळं मुलींच्या हाती.

आणि प्रश्न विचारायची सवय? ती गेली नाहीच. बायबलचं मराठी साध्या बाईला कळत नाही म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. हे काम वर्षानुवर्षं चाललं. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी मुद्रितं तपासणं थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या.

तुमची श्रद्धा कुठलीही असो किंवा नसो, मनात शंका आली की आपण कच्चे आहोत असं वाटू लागतं. तेव्हा रमाबाईंची ती आठ वर्षं आठवा. पुणे-दौंड गाडीने कधी जाणं झालं, तर वाटेत केडगाव लागतं. ‘मुक्ती’ आजही सुरू आहे.