कापूस, अग्नी आणि इमाम गझाली

विस्तवाशी धरला की कापूस जळतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु विस्तव कापसाला जाळतो हे आपल्याला खरोखर दिसते काय? की स्पर्श आणि जळणे एकापाठोपाठ घडताना तेवढे दिसते? नऊशे वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारणारे अबू हामिद अल्-गझाली यांचे चरित्र आपणा विद्यार्थ्यांना मोठे उद्बोधक वाटेल.

इराणातील तूस येथे १०५८ मध्ये त्यांचा जन्म झाला. पितृछत्र लवकरच हरपले. जुर्जानला शिकून घरी परतताना दरोडेखोरांनी त्यांची टिपणे लुटली, अशी आख्यायिका आहे. कागदाबरोबर चोरीस जाते ती विद्या कसली, असे म्हणून दरोडेखोराने त्यांना हिणवले. तेव्हापासून गझालींनी सारी टिपणे मुखोद्गत केली. परीक्षेच्या तोंडावर टिपणे धुंडाळणाऱ्या आपणा सर्वांना हा दरोडेखोर गुरुस्थानी मानावयास हरकत नाही!

पुढे निशापूरला जुवैनी या विख्यात आचार्यांपाशी त्यांनी अध्ययन केले. १०९१ मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी बगदादच्या निजामिया मदरशात त्यांची नेमणूक केली. तेथे तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. कार्य कारणामागून अटळपणे येतेच, असे तत्कालीन तत्त्वज्ञ मानीत. मग हजरत इब्राहीम अग्नीतून सुखरूप बाहेर आले, या श्रद्धेचे काय? १०९५ मध्ये ‘तहाफुत अल्-फलासिफा’ या ग्रंथात गझालींनी उत्तर दिले की, जळणे घडविणारा ईश्वर आहे. अग्नी हे केवळ निमित्त. तसे असेल तर घरी ठेवलेल्या पुस्तकाचा उद्या घोडाही होईल, हा आक्षेप त्यांनी स्वतःच मांडला. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, ईश्वर आपली रीत रोज मोडीत नाही, आणि हे ज्ञानही त्यानेच आपल्याला दिले आहे. प्रेषितांचा मोजिजा आणि अवलियांची करामत हे त्या रीतीला असलेले अपवाद होत.

वादात जय मिळाला, पण मन शांत झाले नाही. आपले अध्यापन ईश्वरासाठी चालले आहे की कीर्तीसाठी, या शंकेने त्यांना ग्रासले. त्याच वर्षी त्यांची वाचा बसली. वर्गात शब्द फुटेना, अन्न घशाखाली उतरेना; वैद्यांनी हात टेकले. अखेर कुटुंबाची सोय लावून व उरलेले धन वाटून त्यांनी बगदाद सोडले. दमास्कसच्या मशिदीच्या मिनारात ते एकांतात राहिले. जेरुसलेम व मक्केची यात्रा त्यांनी केली, आणि ‘इह्या उलूम अद्-दीन’ हा महाग्रंथ रचला.

उतारवयातील आत्मकथनात त्यांनी एक मार्मिक दाखला दिला आहे. काठीचा साप करून दाखविणाऱ्याने दहापेक्षा तीन मोठे असे सांगितले, तर त्याच्या करामतीचे नवल वाटेल. पण दहा हे तिनाहून मोठे, याविषयी तिळभरही शंका येणार नाही. प्रेषिताची खूण केवळ चमत्कारात शोधू नये. त्याची शिकवण आचरून पाहावी, म्हणजे खात्री पटते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९ डिसेंबर ११११ रोजी तूस येथे त्यांचे निधन झाले. पुढे त्याच शतकात स्पेनच्या इब्न रुश्दने त्यांच्या ग्रंथाला खरमरीत उत्तर लिहिले; कारणे नाकारणे म्हणजे बुद्धीच नाकारणे, असा त्याचा दावा होता. हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु ज्याने चमत्काराची बाजू इतक्या तर्कशुद्धतेने मांडली, त्यानेच आपली श्रद्धा केवळ चमत्कारावर टेकविली नाही, ही गोष्ट श्रद्धाळूंनी आणि बुद्धिवाद्यांनी सारखीच ध्यानी घ्यावी अशी आहे.