चेतनेच्या उंबरठ्यावर : आचार्य जगदीशचंद्र बसू

वनस्पतींना जीव असतो हे जगदीशचंद्र बसूंनी सिद्ध केले, असे एक वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. परंतु थोडा विचार केला तर त्या वाक्याने बसूंवर अन्यायच होतो. झाड उगवते, वाढते, फळते आणि वाळते हे शेतकऱ्याला सांगण्यास कोणा शास्त्रज्ञाची आवश्यकता नव्हती. बसूंचा प्रश्न याहून अवघड होता. आघात झाला असता प्राण्याच्या देहात जे घडते, ते झाडाच्या देहातही घडते काय? आणि घडत असेल, तर चेतनेचा आरंभ कोठे मानावा? या प्रश्नासाठी त्यांनी आयुष्याची जवळजवळ चार दशके वेचली.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंह येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी आणि ब्राह्मसमाजी विचारांचे. त्या काळी सुस्थितीतील मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. तेथे चपराशाचा मुलगा आणि कोळ्याचा मुलगा हे त्यांचे सोबती होते. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींनी निसर्गाविषयीची ओढ मनात रुजली, असे बसू पुढे सांगत. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. १८८० मध्ये ते वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. पण तापाच्या आजाराने तो मार्ग सोडावा लागला आणि केंब्रिज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास पूर्ण केला.

१८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा आपल्याला कमी वेतन मिळणार हे कळताच त्यांनी ते घेण्याचे नाकारले, मात्र अध्यापन एक दिवसही थांबविले नाही. तीन वर्षे हा मूक सत्याग्रह चालला. घर कर्जात होते. १८८७ मध्ये विवाह होऊन आलेल्या अबलादेवींनी त्या ओढगस्तीत त्यांना साथ दिली. अखेर सरकारने मागील थकबाकीसह पूर्ण वेतन दिले आणि त्या रकमेतून वडिलांचे ऋण फेडले गेले.

छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी संशोधनाला वाहून घेण्याचा संकल्प केला. अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्तरंगांवरील त्यांच्या प्रयोगांनी युरोपातील शास्त्रज्ञ चकित झाले. या कीर्तीवर विसंबून राहणे सोपे होते. पण तरंग टिपणारे आपले उपकरण सतत वापराने मंदावते आणि विश्रांतीनंतर पुन्हा तरतरीत होते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. धातूलाही थकवा येतो काय, या शंकेने ते जड आणि सजीव यांच्या सीमेपाशी येऊन पोहोचले.

जून १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. साध्या भाजीपाल्यातही आघातानंतर विद्युत्‌प्रतिसाद उमटतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला सर्वांत कडवा विरोध केला तो शरीरशास्त्रज्ञ बर्डन-सँडर्सन यांनी. नियतीचा विलक्षण योग असा की, चार्ल्स डार्विन यांच्या सूचनेवरून १८७३ मध्ये कीटकभक्षी वनस्पतीतील विद्युत्‌स्पंदन प्रथम नोंदविणारे गृहस्थ हेच होते. परंतु हालचाल करणाऱ्या मोजक्या वनस्पतींचा गुण सर्व झाडांना लावण्यास त्यांची तयारी नव्हती. बसूंचा निबंध प्रसिद्ध न होता दप्तरात पडला. खचून न जाता पुढच्याच वर्षी त्यांनी तोच विषय ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला.

यानंतर त्यांनी झाडालाच स्वतःची साक्ष लिहावयास लावले. काजळी धरलेल्या काचेवर लाजाळूच्या पानाची हालचाल आपोआप रेखाटली जाई. क्लोरोफॉर्मने ही वनस्पती बधिर होई आणि मोकळ्या हवेत पुन्हा सावध होई. सुमारे ६० अंश सेल्सिअसला तापवलेली वनस्पती मरतेवेळी शेवटचा झटका देते, हेही त्यांनी नोंदविले. क्रेस्कोग्राफ या यंत्राने वाढीची गती दहा हजार पट मोठी करून दाखविली. त्यावरही शंका घेतली गेली, तेव्हा १९२० मध्ये लंडनमध्ये तज्ज्ञांसमोर प्रयोग करून त्यांनी तिचे निरसन केले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले. तत्पूर्वी, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिराची स्थापना झाली होती.

त्यांचे पहिले मोठे चरित्र १९२० मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी लिहिले. आपल्या इंदूरकरांना हे नाव परके नाही. १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी या शहराच्या रचनेचा बृहद् अहवाल तयार करणारे तेच हे गेडिस. नगरालाही सजीव देह मानणाऱ्या या जीवशास्त्रज्ञाला बसूंचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते.

आज बसूंचे मोजमाप कसे करावे? धातूंच्या थकव्याचा उलगडा भौतिक आणि रासायनिक कारणांनी होतो. त्यासाठी चेतनेची गरज पडत नाही. वनस्पतीत प्राण्यांसारखी मज्जासंस्था आहे हे त्यांचे मतही टिकले नाही. लाजाळूतील संदेश रसातील द्रव्यांमार्फत जातो, असे १९१६ मध्येच रिक्का या इटालियन संशोधकाने दाखविले होते. विद्युत् आणि रसायन या दोहोंचा त्यात वाटा आहे, असे आता मानले जाते. पण सामान्य वनस्पतीतही विद्युत्‌संदेश धावतात, हे त्यांचे मूळ प्रतिपादन खरे ठरले. इजा झालेल्या पानाकडून दूरच्या पानांकडे जाणारी संदेशाची लहर २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी पाहिली.

तथापि प्रतिसाद म्हणजे संवेदना नव्हे, आणि संवेदना म्हणजे जाणीव नव्हे. सुई विद्युत् मोजते, वेदना मोजत नाही. २०१२ च्या केंब्रिज घोषणापत्राने सस्तन प्राणी, पक्षी व ऑक्टोपस यांच्या ठायी जाणिवेला आवश्यक अशी मज्जारचना असल्याचे म्हटले. २०२४ च्या न्यूयॉर्क घोषणापत्राने कीटकांच्या बाबतीतही ही शक्यता विचारात घेतली. वनस्पती मात्र या सीमेच्या बाहेरच राहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी वाद चालूच आहे.

म्हणून बसूंचा हवाला देऊन, आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. सृष्टीतील एकत्वाची श्रद्धा त्यांच्या मनात होती, यात संशय नाही. पण श्रद्धेला त्यांनी पुरावा मानले नाही. तिला काजळीच्या काचेसमोर उभे केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले. सजीवांमध्ये चेतना कोठून सुरू होते याचे उत्तर त्यांना मिळाले नाही, अद्याप कोणालाच मिळालेले नाही. मात्र आपल्या आवडत्या उत्तराचीही परीक्षा घेण्याचा जो धडा त्यांनी घालून दिला, तो शाळेतील त्या एका वाक्याच्या जागी मुलांना शिकविला, तर त्यांचे स्मरण सार्थ होईल.