हंबोल्ट आणि विजेचा मासा

अलेक्झांडर फॉन हंबोल्टचा जन्म 14 सप्टेंबर 1769 रोजी बर्लिन येथे झाला. खाणखात्यात त्याला अधिकाराची जागा मिळाली. पण त्याचे मन रमे ते निसर्गाची गूढे उकलण्यात. प्राण्यांच्या अंगी वीज असते काय, हा वाद तेव्हा युरोपात रंगला होता. हंबोल्टने स्वतःच्या पाठीवर फोड उठवून घेतले, त्या जखमांना धातू लावले आणि होणाऱ्या वेदना शांतपणे टिपून ठेवल्या.

आईच्या मागे मिळालेली संपत्ती त्याने प्रवासात खर्च केली. 1799 साली एमे बाँप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञासह तो दक्षिण अमेरिकेस निघाला. मार्च 1800 मध्ये व्हेनेझुएलातील कालाबोसो गावाजवळच्या एका डबक्यात वामेसारखे लांब, विजेचे आघात करणारे मासे होते. तेथील रहिवाशांनी सुमारे तीस घोडे व खेचरे त्यात हाकलली. चवताळलेले मासे त्यांच्या पोटांस भिडले. पाच मिनिटांच्या आत दोन घोडे बुडून मेले. अखेर माशांची शक्ती ओसरली आणि त्यांतील काही धरता आले. नुकत्याच बाहेर काढलेल्या एका माशावर हंबोल्टने अविचाराने दोन्ही पाय ठेवले. गुडघे आणि बहुतेक सांधे दिवसभर ठणकत राहिले!

मे महिन्यात ओरिनोकोकाठच्या एस्मेराल्डा येथे त्याने कुरारे हे बाणांचे विष तयार होताना पाहिले. हे विष रक्तात मिसळले की श्वास बंद पडतो. प्रवासात एकदा ते सांडून त्याच्या मोज्यात शिरले. पायांना किड्यांनी जखमा केलेल्या होत्या. मोजा हाती घेताच चिकटपणा जाणवला, म्हणूनच तो वाचला.

मासा आणि विष यांचे नाते हंबोल्टला ठाऊक असणे शक्य नव्हते. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य स्रवते. स्नायूवरील ‘ग्राहक’ प्रथिन ते स्वीकारते, तेव्हा स्नायू हलतो. कुरारे ग्राहकाची जागाच अडवून बसते. विजेच्या माशाचा विद्युत्-अवयव हा मुळात रूपांतर पावलेला स्नायूच. त्यात हे ग्राहक विपुल असतात. म्हणूनच 1970 साली पॅरिसच्या झां-पिएर शांजो व सहकाऱ्यांना याच माशापासून ग्राहक वेगळा काढता आला. त्याची ओळख पटवण्यास तैवानी मण्यार सापाचे विष उपयोगी पडले. 1973 साली असे ग्राहक टोचलेले ससे लुळे पडले, आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस या रोगात शरीर स्वतःच्याच ग्राहकांवर उलटते, हे समजण्याची वाट मोकळी झाली.

6 मे 1859 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, हंबोल्ट बर्लिन येथे निवर्तला. विद्यार्थिमित्रांनो, जे उकलले नाही तेही त्याने जसेच्या तसे लिहून ठेवले. उकल करणारे पुढे आले.